नऊ गेले, नऊ आले

हापिसात नवीन माणूस आला की जेवायच्या टेबलावर त्याची आणि आपली प्रश्नोत्तरं होतातच. गाव कुठलं, लग्न झालं का आणि विकांताला काय करतोस. पहिल्या दोन प्रश्नांची माझी उत्तरं सोपी आहेत. नगर (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटी स्टँडवर अजून "नगर, नगर"च ऐकू येतं), आणि नाही. तिसऱ्याला मात्र मी अडतो. कारण "मी सूर्यकिरणच्या मागे फिरतो" असं म्हटलं की समोरचा विचारतो, "कुठला ट्रेकिंग ग्रुप आहे का हा?"

तर मंडळी, नाही. सूर्यकिरण म्हणजे भारतीय हवाई दलाची एरोबॅटिक टीम. लाल-पांढऱ्या रंगाची नऊ हॉक विमानं, एकमेकांच्या पंखांपासून जेमतेम पाच मीटरवर उडणारी. ५२ नंबरची स्क्वाड्रन, मुक्काम बीदर, ब्रीद 'सदैव सर्वोत्तम'. २०२३ च्या वर्ल्डकप फायनलच्या आधी अहमदाबादच्या स्टेडियमवरून गेली ती हीच. (त्या दिवशी आपल्या बाजूने जे काही धड झालं ते तेवढंच. असो.)

लोक क्रिकेट टीम फॉलो करतात, कुणी युरोपातला फुटबॉल क्लब फॉलो करतो आणि रात्री दोनला उठतो. मी ही नऊ विमानं फॉलो करतो. फरक एवढाच की यांचं वेळापत्रक आधी छापून येत नाही, तिकीट बहुतेक वेळा लागत नाही, आणि स्कोअर एकच असतो. तो काय ते पुढे येईलच.

नगरच्या माणसाला विमानांचं वेड लागावं हे तसं विचित्रच. आमचं गाव पक्कं जमिनीवरच्या फौजेचं. भिंगारचा कँटोन्मेंट, आर्मर्ड कोअरचं सेंटर, रणगाड्यांचं म्युझियम, व्हीआरडीई. शाळेत असताना के. के. रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि बाई शिकवायच्या थांबायच्यासुद्धा नाहीत. (के. के. म्हणजे खारे कर्जुने. नगरबाहेरच्या लोकांना हे कुठल्यातरी इंग्रज साहेबाचं नाव वाटतं.) पण वर आकाशात काही नाही. लोहगावच्या एखाद्या सुखोईचा आवाज यायचा आणि आम्ही वर बघेपर्यंत तो बीडच्या दिशेला गेलेला असायचा. २०१७ मध्ये शिर्डीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा जिल्ह्यात विमान उतरायला लागलं, पण तोवर मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या मेसचं जेवण जेवत होतो.

माझं वेड लागलं ते टीव्हीवर, २६ जानेवारीला. आणि लावणारा माणूस माझा मामा. मामा ईएमईतून हवालदार म्हणून निवृत्त झालाय. आयुष्यभर रणगाड्याच्या पोटात हात घालून बसलेला माणूस. परेडला रणगाडे आले की तो चहा प्यायला उठायचा ("रोजचंच आहे ते") आणि विमानं यायच्या वेळेला बरोबर परत येऊन बसायचा. विमानं गेली की म्हणायचा, "ह्यांच्या खाली किती पोरं राबली असतील रात्रभर, ते नाही दाखवत." तेव्हा मला ते वाक्य रटाळ वाटायचं. मला विमान बघायचं होतं, मामाला विमानाच्या आधीची रात्र.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सूर्यकिरण सुरू झाली १९९६ मध्ये, बीदरला. त्याआधी ऐंशीच्या दशकात हंटर विमानांची 'थंडरबोल्ट्स' नावाची टीम होती. ती बंद पडली आणि मधे काही वर्षं काहीच नव्हतं. सूर्यकिरणला मिळाली ती एचएएलची किरण मार्क टू. किरण हे मूळचं १९६४ साली पहिल्यांदा उडालेलं शिकाऊ विमान, शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात असं. टीमच्या नावातलं 'किरण' तिथून आलंय. पुढे विमानं बदलली, हॉक आली, पण नाव तेच राहिलं. आमच्याकडे आख्खं सॉफ्टवेअर नव्याने लिहितात आणि प्रॉडक्टचं नाव जुनंच ठेवतात, त्यातलाच प्रकार.

मधे एक खंड पडला. फेब्रुवारी २०११ च्या एरो इंडियानंतर टीम थांबवण्यात आली. कारण अगदी साधं होतं, विमानं कमी पडली. नवशिक्या वैमानिकांचं एचपीटी-३२ दीपक हे विमान २००९ मधल्या अपघातानंतर जमिनीवर बसवलं होतं, त्यामुळे शिकवायला किरण लागणार होत्या. म्हणजे एकतर पोरांना शिकवा, नाहीतर लोकांना दाखवा. हवाई दलाने शिकवायला घेतलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला प्रचंड राग आला होता. आज विचाराल तर तो निर्णय मला शंभर टक्के पटतो. कोणी विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, हॉक मार्क १३२ वर टीम पुन्हा उभी राहिली, आधी थोड्या विमानांची, मग वाढत वाढत नऊ.

आता जरा तांत्रिक. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल, पण मग शोला गेल्यावर शेजारच्याला "हे रिमोटवर चालतं का?" असं विचारू नका. (मुंबईत खरंच एकाने विचारलं.)

नऊ विमानांत विचार करणारा एकच असतो, लीडर. बाकीचे आठ जण जमीन बघत नाहीत, क्षितिज बघत नाहीत, ते शेजारचं विमान बघतात. शेजारच्या विमानावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की आपण जागेवर आहोत. रेष सुटली की आपण सुटलो. मग रेष परत आणायची, अगदी बारीक हालचालीने, कारण जोरात आणली तर पलीकडे जाणार. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात 'ओव्हरशूट' शिकलो होतो ना, तोच. आणि एकाने केलेला ओव्हरशूट त्याच्या पुढच्याला वाढवून मिळतो, त्याच्या पुढच्याला आणखी. टोकाचा माणूस म्हणजे सगळ्यांच्या चुका गोळा करणारा माणूस. म्हणून लीडर सगळं हळुवार करतो आणि बोलून करतो. रेडिओवर आधी सांगतो, मग वळतो. शिवाय तो इंजिनाची पूर्ण ताकद कधी वापरत नाही. त्याने वापरली तर मागे पडलेल्याला गाठायला काही शिल्लक उरणार नाही.

हॉकच्या पंखांचा एकूण पसारा दहा मीटरच्या आत आहे. म्हणजे पाच मीटर अंतर म्हणजे अर्ध्या विमानाएवढं. दोन विमानं एकमेकांकडे सेकंदाला फक्त एक मीटरने सरकायला लागली, म्हणजे आपण चालतो त्याहून हळू, तरी पाच सेकंदांत खेळ खलास. आणि समोरासमोरून येऊन एकमेकांना चाटून जाणारी जोडी असते, त्यांचं गणित उलटं. ताशी सातशेने दोघं आले असं धरा. जवळ यायचा वेग झाला चौदाशे, म्हणजे सेकंदाला जवळपास ३९० मीटर. तुम्ही 'अरे' म्हणेपर्यंत ते एकमेकांच्या मागे गेलेले असतात.

आणि तो धूर. तो इंजिनाचा नसतो. गरम एक्झॉस्टमध्ये डिझेल सोडतात, त्याची वाफ होते, बाहेरच्या हवेत थंड होऊन बारीक थेंब होतात आणि आपल्याला पांढरी रेघ दिसते. रंग मिसळला की केशरी आणि हिरवी. हे रंगीत धुराचे पॉड आपल्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झालेत. मामाला हे सांगितलं तेव्हा त्याला विमानापेक्षा जास्त आनंद झाला.

पहिल्यांदा मुद्दाम फिरायला गेलो ते बीदरला, २०२२ च्या पावसाळ्यानंतर. मी, मामा आणि मामाची जुनी गाडी. नगर, जामखेड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर, उदगीर, बीदर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आईचं म्हणणं होतं की विमान बघायला एवढ्या लांब गाडीने जाणारे तुम्ही दोघेच असाल.

बीदरशी नगरचं नातं जुनं आहे, मंडळी. बहमनी राज्याची राजधानी बीदर, आणि १४९० मध्ये तिथल्या सत्तेतून फुटून मलिक अहमदने निजामशाही उभी केली, नगर त्याने वसवलं. म्हणजे आम्ही बीदरचे फुटीर. बीदरला चहाच्या टपरीवर आम्ही मराठीत विचारलं, त्याने मराठीत उत्तर दिलं, मधे एक वाक्य कानडीत पोराला ओरडला आणि दखनीत गिऱ्हाइकाशी हिशेब केला. सीमाभागातला माणूस दिवसाला किती कंपायलर चालवतो कोण जाणे!

पहिला दिवस फुकट गेला. आकाश निळं, एक ढग नाही, विमानही नाही. बीदरचा किल्ला बघितला (तांबड्या जांभ्या दगडाचा, आणि इतका मोठा की अर्ध्यात दम लागतो), महमूद गवानचा मदरसा बघितला, बिदरी कामाची एक डबी आईसाठी घेतली. संध्याकाळी मी टपरीवाल्याला विचारलं, "आज नाही उडाले?" तो म्हणाला, "उडतात की रोज. तुम्ही आलात म्हणून नसतील." रोज! त्याच्या डोक्यावर रोज ती टीम उडते आणि तो वर बघत नाही. आमच्या भिंगारच्या काचा थरथरतात तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याच्या तटावर होतो. कॅमेरा मामाने गाडीतून बाहेर काढूच दिला नाही. तळाच्या आसपास कॅमेरा म्हणजे मामाच्या डोक्यात सरळ कोर्टमार्शल. आधी आवाज आला, मग मी आवाजाकडे बघितलं, आणि तिथे काही नव्हतं. हा नवशिक्याचा प्रकार. आवाज सेकंदाला ३४० मीटरने येतो. विमान किलोमीटरभर लांब असेल तर तुम्हाला ऐकू येतंय ते तीन सेकंदांपूर्वीचं विमान. तेवढ्यात ते पाचशे मीटर पुढे गेलं. आवाजाच्या पुढे बघायला शिकावं लागतं. मामाला ते बरोबर जमलं, मला पाच मिनिटं लागली.

धूर नव्हता, गाणी नव्हती, कॉमेंट्री नव्हती. नुसता सराव. एकच वळण परत परत. एक विमान जरा बाहेर राहिल्यासारखं दिसलं, पुढच्या फेरीत आत आलं. त्याच्या पुढच्या फेरीत मला फरकच दिसेना. मी मोबाईलवर काहीतरी बघायला लागलो तर मामाने हातावर चापट मारली. "बघ ना. हेच बघायचं असतंय. शोमध्ये काय, तयार पदार्थ वाढतात."

मग ती उतरायला लागली. लांब, झाडांच्या मागे, एकेक करून. मामा पुटपुटत होता. मला वाटलं रामरक्षा वगैरे, पण तो मोजत होता. सात, आठ, नऊ. "नऊ गेले, नऊ आले," म्हणाला आणि तटावरून खाली उतरायला लागला. मागे वळून बघितलं नाही. त्याच्या दृष्टीने शो तेव्हा संपला. मघाशी म्हटलं ना, स्कोअर एकच असतो.

मुंबईचा शो बघितला तो १३ जानेवारी २०२४ ला. १२ ते १४ असे तीन दिवस मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचा शो होता. मी शनिवार गाठला. मामा नगरहून रात्रीच्या एसटीने आला. ज्यांना पहिल्यांदाच जायचंय त्यांनी असलाच शो निवडावा असं माझं मत आहे. समोर समुद्र, मधे इमारत नाही, विमानं पाण्यावरून किनाऱ्याला समांतर जातात. सूर्यकिरण होती, सारंगची हेलिकॉप्टरं होती, आकाशगंगावाले पॅराशूटने उतरले, सुखोईने कानठळ्या बसवल्या. दोन विमानांनी धुराचं बदाम काढलं तेव्हा शेजारच्या जोडप्याने एकमेकांकडे असं काही बघितलं की मी आणि मामा निमूटपणे समुद्राकडे बघायला लागलो.

समांतर जातात याला कारण आहे. १९८८ मध्ये जर्मनीत रामस्टाइनच्या शोमध्ये इटलीच्या टीमची विमानं एकमेकांवर आदळली आणि एक जळतं विमान सरळ प्रेक्षकांत आलं. सत्तर माणसं गेली. त्यानंतर देशोदेशी नियम कडक झाले. प्रेक्षकांच्या दिशेने युक्त्या करायच्या नाहीत, ठरलेल्या रेषेच्या पलीकडेच राहायचं. आपण "अजून जवळून जायला पाहिजे होतं यार" म्हणतो ना, ते जवळून न जाणं सत्तर माणसांनी विकत घेतलेलं आहे.

आणि धोका वरच असतो असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीनावर शो झाला, लाखोंनी लोक आले, उन्हात उभे राहिले आणि पाच जण दगावले. तेव्हा फुकटचा सल्ला: टोपी, दोन बाटल्या पाणी, आणि शो संपल्या संपल्या स्टेशनकडे पळू नका, तासभर बसा, भेळ खा. फोटोवाल्यांसाठी: जेटला शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, हेलिकॉप्टरला मात्र मुद्दाम कमी, नाहीतर पाती थिजल्यासारखी दिसतात आणि हेलिकॉप्टर खेळण्यातलं वाटतं. आणि शक्यतो पहिली दहा मिनिटं कॅमेरा खालीच ठेवा. हे मी कोणाला सांगितलेलं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

मुंबईत मामाचा मूड मात्र शेवटी गेला. विमानं आली, उडाली, तिरंगा काढून क्षितिजापलीकडे गेली. टाळ्या, शिट्ट्या, भारतमाता की जय. मामा उभाच. मी म्हटलं, "मामा, चला, संपलं." तर म्हणाला, "उतरलेली कुठं दिसली?" चर्चगेटपर्यंत तो गप्प होता. संध्याकाळी मी मोबाईलवर बातम्या चाळून सांगितलं की सगळं ठीक आहे, तेव्हा कुठे वडापाव खाल्ला.

आता तो विषय. टाळता येत नाही.

१९ फेब्रुवारी २०१९, मंगळवार. मी शेवटच्या वर्षाला होतो. एरो इंडिया दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं, येलहंकाला सराव चालू होता आणि सूर्यकिरणची दोन हॉक हवेत एकमेकांवर आदळली. दोन विमानांत तिघे होते. विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंग बाहेर पडले. विंग कमांडर साहिल गांधी गेले. अर्ध्या तासात क्लिप माझ्या मोबाईलवर पाच ग्रुपमधून आली. कुणी खाली लिहिलं होतं 'ओएमजी', कुणी रडका चेहरा टाकला होता, आणि लगेच खाली सबमिशनची तारीख.

मी मामाला फोन केला. माझ्या डोक्यात प्रश्न होता की टीम आता बंद होईल का. मामाने विचारलं, "नाव काय पोराचं?" तेव्हा नाव अजून आलं नव्हतं. तो म्हणाला, "नाव आलं की सांग," आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी बसून आधीची नावं शोधली. मला विमानाचं इंजिन कुठलं, पॉडमध्ये डिझेल किती हे पाठ होतं, पण नावं नव्हती. मार्च २००६, बीदर: विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वाड्रन लीडर शैलेंदर सिंग. जानेवारी २००९, बीदरजवळ: विंग कमांडर आर. एस. धालीवाल. सूर्यकिरण नव्हे, पण नौदलाची 'सागर पवन' नावाची टीम होती, तीही किरणच उडवायची. मार्च २०१० मध्ये हैदराबादला बेगमपेटच्या शोत तिचं एक विमान पडलं, कमांडर सुरेश मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर गेले. ती टीम नंतर उभी राहिली नाही. ही नावं मी एका वहीत लिहून ठेवली आहेत. वहीत, मोबाईलमध्ये नाही. का ते सांगता येणार नाही.

आई तेव्हापासून एकच विचारते, "कशासाठी करतात रे हे? युद्ध नाही, काही नाही." मी तिला ठरलेली उत्तरं देऊन बघितली आहेत. तरुण पोरं हवाई दलात यावीत म्हणून, परदेशात देशाचं नाव व्हावं म्हणून. खरं सांगायचं तर ही उत्तरं मला स्वतःलाच पुरत नाहीत. जाहिरात करायची तर सिनेमा काढा, स्वस्तात होईल. मामाचं उत्तर निराळं आहे. तो म्हणतो की चौघांनी मिळून रोज जे करायचं असतं तेच हे लोक सगळ्यांसमोर करतात, एवढंच. फॉर्मेशनमध्ये उडणं हा तमाशा नाही, ते कामच आहे, लढाऊ वैमानिकाला ते यावंच लागतं. दाखवलं नाही तरी ते करणारच, आणि धोका तेवढाच राहणार, फक्त आपल्याला दिसणार नाही. मला यातलं निम्मं पटतं. नऊ विमानं पाच मीटरवर घेऊन लूप मारणं हे रोजचं काम नाही, मामा, असं मी म्हणतो. मग तो म्हणतो, "तू रात्री तीनला बसून जे रिलीज करतोस ते तरी कुठं लोकांना लागतंय?" आणि चर्चा भरकटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं बंगळुरूला गेलो. एरो इंडिया एक वर्षाआड, विषम वर्षी भरतो, आणि शेवटचे दिवस आपल्यासारख्यांसाठी असतात. तिथे धावपट्टी समोर असते, उतरलेलं दिसतं, म्हणून मामा खूश होता. सारंग नव्हती. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं आणि सगळीच ध्रुव जमिनीवर बसवली होती. माझ्या पुढचा माणूस त्यावर वैतागून बोलत होता, तिकिटाचे एवढे पैसे घेतले आणि हेलिकॉप्टर नाही. मामाने त्याला शांतपणे विचारलं, "तुमची गाडी ब्रेक लागत नसताना तुम्ही बायकोला देता का?" माणूस गप्प झाला. मी तिथून दोन पावलं सरकून उभा राहिलो, ओळख नसल्यासारखा.

विमानं निघायच्या आधी मामा मला एक गोष्ट दाखवत होता. प्रत्येक विमानापाशी दोन-तीन माणसं असतात. लांबून मुंग्यांएवढी दिसतात. विमान सरकायला लागलं की ती बाजूला होतात, सॅल्यूट करतात आणि मग उभी राहतात. विमान वर असेपर्यंत त्यांना दुसरं काही काम नसतं. "उडवणाऱ्याच्या आधी त्यांची सही असते फॉर्म ७०० वर," मामा म्हणाला. "मी असं रणगाड्यासाठी करायचो. रणगाडा बंद पडला तर निदान जागेवर उभा राहतो." त्या दिवशी दुर्बीण मी विमानांवर लावली होती आणि मामाने बहुतेक वेळ खाली. नऊ गेले, नऊ आले. मोजून झाल्यावर त्याने दुर्बीण माझ्याकडून घेऊन परत एकदा त्या माणसांकडे बघितलं. ती आता विमानांकडे धावत होती.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला दुबईच्या शोमध्ये आपलं तेजस पडलं. विंग कमांडर नमंश स्याल गेले. सूर्यकिरणसुद्धा त्या शोसाठी तिकडेच होती. शुक्रवार होता, मी एका कॉलवर होतो, म्यूट करून बसलेलो, आणि मोबाईल थरथरायला लागला. तीच क्लिप, पाच ग्रुप. सहा वर्षांत एवढाच फरक की या वेळी मी उघडली नाही.

मामाचा फोन संध्याकाळी आला. त्याला नाव आधीच माहीत होतं. मी वही काढून लिहिलं, त्याने पलीकडून स्पेलिंग सांगितल्यासारखं एकेक अक्षर सांगितलं, न-मं-श. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मागे मामीचा टीव्ही चालू होता.

आईने रात्री फोनवर विचारलंच. "आता तरी बंद करणार ना हे फिरणं?" मी म्हटलं बघू. तिला 'बघू'चा अर्थ कळतो, तिने नाराजी दाखवायला फोन वडिलांकडे दिला, वडिलांनी पेट्रोलचा भाव सांगितला.

दोन आठवड्यांनी मामाचा मेसेज आला. मामा मेसेज टाइप करत नाही, बोलून पाठवतो, त्यात निम्मा कोंबड्याचा आवाज असतो. म्हणाला की बीदरला परत जाऊ, शोला नको, सरावालाच. आणि या वेळी उदगीरला मुक्काम करू, गाडी आता एका दमात जात नाही, मीही जात नाही. मी रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, तर 'कौटुंबिक काम' लिहिलंय. मामाने घडीची दोन स्टुलं घेतलीत, त्यातलं एक आत्ताच डुगडुगतं म्हणे. तो ते दुरुस्त करत बसलाय.